घराचा फोटो आतून काढा

अवसरी बुद्रुकहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. एरवी आपण हप्ता, कर्ज, शेळ्या, मसाले यांवर बोलतो. आज घराबद्दल बोलू. आपल्या गावठाणात अजून तग धरून असलेली जी जुनी दगडी घरं आहेत, त्यांचे फोटो कसे काढायचे, आणि मुख्य म्हणजे कशासाठी काढायचे, ते सांगू.

फोटोचं काय एवढं, असं वाटेल. हल्ली पोरं दिवसाला पन्नास फोटो काढतात. पण आपापल्या घरातला लग्नाचा अल्बम उघडून बघा. त्यात नवरा-नवरी आहेत, वरमाई आहे, आहेर आहे. घर कुठं दिसतं? मांडवाच्या कापडामागं अर्धा खांब, नाहीतर कुणाच्या तरी खांद्यावरून डोकावणारा कोनाडा. ज्या घरानं चार पिढ्या सांभाळल्या, त्याचा धड एक फोटो बहुतेकींकडे नाही.

आमच्याकडे झालं असं की गावठाणातलं एक जुनं घर पाडायला काढलं. सकाळी जेसीबी आला आणि दुपारपर्यंत जागा सपाट झाली. त्या घरात नांदलेल्या एक आत्या आमच्या गटात आहेत. पुढच्या बैठकीत त्यांची नात विचारायला लागली, आजी, तू सांगतेस ते बळद कसं असतं गं? आत्यांनी हातवारे करून सांगितलं, पण पोरीच्या डोळ्यांपुढं काही येईना. त्या दिवशी आम्ही ठरवलं की जी घरं उरली आहेत, त्यांचे फोटो काढायचे आणि एका वहीत त्यांची माहिती लिहायची. गटात तीन जणींकडे बरे फोन होते. तेवढ्यावर काम सुरू झालं.

आधी घराकडे नीट बघू. आपल्या भागातला दगड म्हणजे काळा पाषाण. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून लाव्हा बाहेर आला, थरावर थर साठून थिजला, त्याचा हा दगड. शिवनेरीचा डोंगर त्याचाच, लेण्याद्रीची लेणी त्यातच कोरलेली. वडारांनी खाणीतून दगड काढायचा, पाथरवटांनी टाकीनं घडवायचा. घराचं जोतं घडीव चिऱ्यांचं. त्यावर भिंत. ऐपत असेल तर वरपर्यंत दगड, नसेल तर कमरेपर्यंत दगड आणि वर पांढरीच्या मातीचे भेंडे. आत लाकडी खांब, खांबाखाली दगडी तळखडा, म्हणजे लाकडाला ओल लागत नाही. खांबावर तुळया, तुळयांवर माळा, वर कौलं. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. घर किती मोठं, तर इतक्या खणांचं, अशी मोजणी असायची.

आता फोटो काढायला कुणी पुरुष माणूस किंवा शहरातला पाहुणा आला, की तो काय काढतो? दिंडी दरवाजा काढतो, गणेशपट्टीची नक्षी काढतो, ओट्यावर बसलेले आजोबा काढतो. चांगलेच असतात ते फोटो. पण ती घराची बाहेरची बाजू झाली. बाईचं सगळं आयुष्य उंबऱ्याच्या आत गेलं. माजघर, चूल, चुलीमागची काळी पडलेली भिंत, देवघर, बाळंतिणीची अंधारी खोली, जात्याची जागा, उखळ, फडताळ, बळद, परसातली मोरी. ही ठिकाणं कुणी काढत नाही. ती अंधारात असतात, आणि तिथं बघण्यासारखं काही आहे असं आपल्याला स्वतःलाही वाटत नाही.

खरं तर दगड बसवला गवंड्यानं आणि लाकूड बसवलं सुतारानं, पण ते एकदाच. त्यानंतर ते घर उभं ठेवलं बायांनी. भुई चोपली, सणावाराला सारवली, भिंतींना पोतेरा दिला, पावसाआधी भेगा मातीनं बुजवल्या, घुशीची बिळं शोधली. मातीत रचलेलं घर रोज हात लावला तरच टिकतं. घर बंद पडून दोन पावसाळे गेले की भिंत सुटायला लागते, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून आमचं म्हणणं असं, की घराचा फोटो आतून काढा, बाईच्या बाजूनं काढा, आणि त्याच्याखाली तिचं नाव लिहा.

आता कसं काढायचं ते सांगतो. आधी घरातल्या माणसांची परवानगी घ्यायची. घर बंद असेल तर मालकाला फोन करून विचारायचं. पडक्या घरात एकटीनं शिरायचं नाही. साप-विंचू असतात, आणि आपल्या जुन्नर-आंबेगावात उसाशेजारच्या पडक्या जागेत बिबट्या बसलेला असू शकतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. तिघी-चौघींनी जायचं, दिवसाउजेडी जायचं, आणि जिथं माळा लोंबकळतोय तिथं खाली उभं राहायचं नाही.

फोनची काच पदराच्या टोकानं पुसून घ्यायची. निम्मे फोटो पिठाच्या आणि तेलाच्या बोटांनी धुरकट येतात. फोन आडवा धरायचा. पूर्वेला तोंड असलेलं घर सकाळी काढायचं, पश्चिमेचं दुपार कलल्यावर. भर बाराला दगडावरची टाकीची खूण दिसत नाही. तिरपं ऊन असलं की एकेक घाव उठून दिसतो.

आधी समोरून अख्खं घर, जोत्यापासून कौलापर्यंत. मग एका कोपऱ्यातून, म्हणजे दोन भिंती एकदम दिसतील. मग आत. ओसरी, सोपा, चौक असेल तर त्याच्या चारही बाजू, माजघर. प्रत्येक खोलीचे समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतून दोन फोटो. त्यानंतर बारीकसारीक गोष्टी: कडी-कोयंडा, अडसर, खुंटी, देवळी, खांबाचा तळखडा. बारीक वस्तूजवळ मोजपट्टी ठेवायची, ती नसेल तर हाताची वीत. म्हणजे वस्तू केवढी होती ते पुढं कळतं.

माजघरात अंधार असतो. तिथं फ्लॅश मारला की समोरचं पांढरंफटक आणि मागचं काळं होतं. त्यापेक्षा दारं-खिडक्या उघडायच्या, दारात एकीनं पांढरी चादर धरायची, म्हणजे बाहेरचा उजेड आत परततो. फोन एखाद्या डब्यावर टेकवून श्वास रोखून फोटो काढायचा. आमच्यातल्या नववीतल्या मुलींनी हे पटकन उचललं. हातात फोन आहे म्हणून ज्या पोरींना बोलणी बसायची, त्यांना आता घरोघरी बोलावणं येतं.

फोटोइतकीच वहीही महत्त्वाची. एका घराला एक पान. गल्ली, घर कोणत्या तोंडाचं, किती खणांचं, लाकूड कोणतं, कौलं देशी की मंगळुरी. मग घरातल्या सगळ्यांत वयस्कर बाईला विचारायचं: तुम्ही या घरात कधी आलात, तेव्हा काय होतं, काय बदललं, बाळंतपणं कुठं झाली, दुष्काळात बळदात काय होतं? ती सांगेल तसं, तिच्याच शब्दांत लिहायचं. बळद, देवळी, कणा, चोपणं हे शब्द आपल्या मुलींच्या तोंडी आता नाहीत. वस्तू गेली की शब्द जातो. फोटो आणि शब्द शेजारी असले तर दोन्ही थोडे जास्त टिकतात.

फोटोंची एक प्रत दुसऱ्या फोनमध्ये किंवा पेनड्राइव्हवर ठेवायची, आणि निवडक फोटो छापून वहीत चिकटवायचे. फोन पाण्यात पडतो, वही कपाटात राहते. आणखी एक. नक्षीच्या दरवाजांचे, देवघरातल्या मूर्तींचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या मोठ्या ग्रुपवर टाकायचे नाहीत. बघणारे सगळेच हौशी नसतात.

आमच्या तालुक्याचं नाव आंबेगाव. पण ज्या गावावरून ते पडलं ते आंबेगाव घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. त्या पाण्याखाली किती उंबरे असतील, किती चुली असतील! धरणाच्या पाण्यामुळे आपल्या खालच्या भागात ऊस आणि बटाटा पिकला, हे आपण विसरायचं नाही. आणि ज्यांची घरं त्यात गेली, त्यांच्याकडे घराचा फोटो असता तर नातवंडांना बोट ठेवून दाखवता आलं असतं, हेही विसरायचं नाही. आपलं घर पाण्यात जाणार नाही, पण वाटणीत, पावसात किंवा जेसीबीखाली जाऊ शकतं.

इथवर आठवणींचं झालं. पण फोटोचा दुसरा उपयोग आम्हाला काम करता करता कळला, तो सांगायलाच हवा.

गावठाणात एका काकू एकट्या राहतात. मोठ्या घराचे दोन खण त्यांच्या वाट्याला. बाकीचे भाऊबंद मुंबई-पुण्यात. फाल्गुनात आम्ही फोटो काढले तेव्हा मागच्या भिंतीला पोट आलेलं दिसलं, म्हणजे भिंत मध्येच फुगली होती, आणि कोपऱ्यात भेग होती. काकू म्हणाल्या, ती माझ्या लग्नापासून आहे. आम्ही भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीनं खूण केली, तारीख लिहिली, शेजारी रुपयाचं नाणं धरून फोटो काढला. वैशाखात परत त्याच जागेवर उभं राहून, तसंच नाणं धरून फोटो काढला. दोन्ही फोटो शेजारी ठेवल्यावर कुणाला काही सांगावं लागलं नाही. आधी भेगेत नाण्याची कड जात होती, आता बोट जात होतं.

ते दोन फोटो काकूंच्या पुतण्याला पाठवले. दरवर्षी ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणणारा पुतण्या त्या रविवारी आला. गवंड्याला आणलं. गवंड्यानं टेकू लावले आणि स्पष्ट सांगितलं, पावसाळ्यात इथं झोपायचं नाही. मृगाआधी आम्ही काकूंचं बिऱ्हाड शेजारच्या घरात हलवलं. आषाढात एका रात्री ती भिंत आतल्या बाजूला, काकूंच्या अंथरुणाच्या जागेवर पडली. तिथं कुणी नव्हतं.

म्हणून सांगतो, जुनं घर सुंदर आहे म्हणून डोळे झाकून त्यात राहा, असं आमचं म्हणणं नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत हजारो माणसं झोपेत गेली. तिथली घरं जाड दगडी भिंतींची, मातीत रचलेली आणि वर मातीचा जड धाबा. अशा भिंतीला बाहेरून एक थर, आतून एक थर आणि मध्ये दगडगोट्यांची भर असते. दोन्ही थरांना बांधणारे लांब, आरपार दगड नसले तर हादऱ्यानं किंवा पाण्यानं थर एकमेकांपासून सुटतात. भिंतीला पोट येतं ते यामुळेच. पोट दिसलं, भेग रुंदावली, दार अचानक अडकायला लागलं, पावसात भिंतीच्या पायथ्याशी ओल चढली, की गवंड्याला दाखवायचं. आणि मातीच्या भिंतीला वरून सिमेंटचा गिलावा करून गप्प बसायचं नाही. आतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही आणि भिंत आतून सडते.

इकडं इटली देशाचंही एक उदाहरण ऐका. तिथं मातेरा नावाचं गाव आहे. डोंगराच्या मऊ दगडात कोरलेली आणि त्याच दगडानं बांधलेली घरं, चार घरांत मिळून एक अंगण. सत्तरएक वर्षांपूर्वी तिथं माणसं आणि जनावरं एकाच खोलीत राहायची. ओल, रोगराई, पाण्याची-सांडपाण्याची सोय नाही. देशाला त्या गावाची लाज वाटायला लागली. १९५२ साली कायदा करून लोकांना नव्या वस्त्यांत हलवलं. मग १९९३ साली, म्हणजे आपल्याकडे किल्लारी झाली त्याच वर्षी, ती घरं जागतिक वारसा ठरली. आज त्यातल्या कितीतरी घरांत हॉटेलं आहेत आणि जगभरातले लोक तिथं फोटो काढायला जातात. यातून आम्ही दोन गोष्टी घेतल्या. धोक्याच्या घरातून माणूस आधी बाहेर काढायचा, हे बरोबरच. पण जुन्या घराची लाज धरायची नाही. आज ज्याला आपण पडकं म्हणतो, त्याचं मोल उद्या दुसराच कुणी ओळखेल, आणि तेव्हा तिथं राबलेल्या बाईचं नाव कुणाला ठाऊक नसेल.

मोल ओळखणारे आपल्या गावातही येतात. जुनं लाकूड घेणारे. दार बघून म्हणतात, किडलंय, जळणाच्या भावानं देता का? काकूंच्या घराची भिंत पडल्यावर असाच एक जण आला. आमच्या वहीत त्या घराचं पान होतं. किती खांब, किती तुळया, प्रत्येकाची लांबी-जाडी, फोटोसकट. गावातल्या सुतारानं बघून सांगितलं, हा जुना सागवान आहे, नुसती वरची साल खराब आहे. मग भाऊबंद एकत्र बसले. खण मोजले. कुणाच्या वाट्याचं लाकूड कोणतं, ते फोटोवर बोट ठेवून ठरलं. काकूंना ‘तुम्हाला कशाला हवंय लाकूड’ असं म्हणायला कुणाला जागा उरली नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. आमच्या वहीत एक रकाना आहे: घर कोणाच्या नावावर? सुरुवातीला सहज म्हणून ठेवला होता. वीसेक पानं भरल्यावर बैठकीत वाचून काढला, तेव्हा सगळ्या गप्प झाल्या. सासरे, चुलत सासरे, नवरा, दीर. बाईचं नाव दोनच पानांवर. काही ठिकाणी तर वारून तीस वर्षं झालेल्या माणसाच्या नावावर घर. काकू चाळीस वर्षं ज्या घरात राबल्या, तिथं त्यांच्या नावाचा कागद नव्हता.

फोटो म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, हे पक्कं लक्षात ठेवा. ग्रामपंचायतीतून नमुना नंबर ८ चा उतारा काढून बघा, घरपट्टीच्या नोंदीत कोणाचं नाव आहे. तो कराचा कागद आहे, एकट्यानं मालकी ठरत नाही, पण सुरुवात तिथून होते. त्यावर नवरा-बायको दोघांची नावं लावून घेता येतात. त्यासाठी अर्ज करायचा आणि पोच घ्यायची. २०२० साली स्वामित्व योजना सुरू झाली. त्यात गावठाणाची ड्रोननं मोजणी होऊन घराचं मालमत्ता पत्रक मिळतं. ड्रोन वरून छप्पर बघतो. आत कोण राहतं ते त्याला दिसत नाही. म्हणून चौकशीच्या वेळी घरातल्या बाईनं स्वतः हजर राहायचं आणि नोंद वाचून घ्यायची.

आणि लेकींनो, हिंदू कुटुंबात वडिलोपार्जित घरात मुलीचा मुलाइतकाच हक्क आहे. महाराष्ट्रानं त्यासाठी १९९४ साली कायद्यात बदल केला, २००५ साली देशभर झाला. वडील २००५ च्या आधी वारले असले तरी मुलीचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली स्पष्ट केलं. हक्कसोडपत्रावर सही करायची की नाही हा तुमचा निर्णय. भावाच्या प्रेमानं केलीत तरी हरकत नाही. पण काय सोडतोय ते बघून करा. किती खण, कोणती जागा, वाचून, विचारून. रक्षाबंधनाच्या जेवणानंतर घाईघाईनं पुढं केलेल्या कागदावर नको.

काकूंनी नाव लावण्यासाठी अर्ज दिला आहे. पोच आमच्या फायलीत आहे. नाव अजून लागायचं आहे. आम्ही दर महिन्याला दोघी जणी जाऊन विचारून येतो.

आपल्या जुन्नर तालुक्यातच नाणेघाट आहे. तिथल्या लेण्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा सातवाहनांचा शिलालेख आहे, आणि त्या लेण्यात नागनिका राणीचं नाव दगडात कोरलेलं आहे. आपल्याच डोंगरातला, आपल्याच जातीचा काळा दगड. त्यावर एका बाईचं नाव इतकी वर्षं टिकलं. ती राणी होती, तिच्यासाठी कोरणारे होते. आपल्यासाठी कुणी कोरणार नाही. आपल्याकडे वही आहे, फोन आहे, आणि ग्रामपंचायतीची नोंदवही आहे. तिन्हींत आपलं नाव आपणच घालायचं.

तर मैत्रिणींनो, येत्या बैठकीसाठी तीन कामं. एक, आपल्या गल्लीतलं सगळ्यांत जुनं घर निवडा आणि त्याचे आतून-बाहेरून दहा फोटो काढा. दोन, त्या घरातल्या सगळ्यांत वयस्कर बाईपाशी तासभर बसा आणि ती सांगेल ते लिहून घ्या. तीन, स्वतःच्या घराचा नमुना नंबर ८ चा उतारा काढून आणा. भिंतीला पोट किंवा भेग दिसली तर बैठकीची वाट बघू नका, त्याच दिवशी सांगा. पाऊस आपल्यासाठी थांबत नाही.

तुमच्याकडच्या घरांत एखादी जागा, एखादा शब्द असा असेल जो आम्हाला ठाऊक नाही, तर रेडिओ केंद्रावर जरूर कळवा. वहीत पुष्कळ पानं कोरी आहेत. नमस्कार.